मूल जेवत नाही तेव्हा

लहान मुलाला ताप आला म्हणजे घरची माणसे डॉक्टरांकडे धाव घेतात. मूल जेवत नाही असे दिसले म्हणजे मात्र ती प्रथम आईकडे पाहतात. तिच्या हाताला चव नसावी, तिला वेळ नसावा, निदान तिचा धाक तरी नसावा, असा त्या पाहण्याचा अर्थ असतो. अशा रीतीने शरीराच्या एका साध्या प्रश्नाला घरगुती खटल्याचे स्वरूप येते. बंगळूर शहरात एकमेकांची विचारपूस करताना 'ऊट आय्ता?', म्हणजे 'जेवण झाले का?', असे विचारण्याची रीत आहे. हा प्रश्न आपुलकीचा खरा. परंतु जिचे दीड वर्षाचे मूल दिवसभर तोंड मिटून बसते, त्या आईला तो जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक शेजारणीने घेतलेल्या परीक्षेसारखा वाटतो. त्यातच ते कुटुंब पुण्याहून किंवा बेळगावहून नोकरीनिमित्त आलेले, दोघेही कामावर जाणारे आणि आजी वर्षातून दोन महिनेच येणारी असली, तर उत्तर शोधण्याचे सारे ओझे दोन अननुभवी माणसांवर पडते.

या प्रश्नात चुकण्याचे मार्ग दोन आहेत आणि दोन्ही महागात पडणारे आहेत. निरोगी मुलाला आजारी समजून त्याच्या तोंडात घास कोंबले, तर नसलेला आजार निर्माण होतो. उलट खरोखर अडचणीत असलेल्या मुलाला हट्टी म्हणून सोडून दिले, तर उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात. म्हणून 'जेवत नाही' या दोन शब्दांखाली कोणकोणत्या गोष्टी येतात, याची आधी वाटणी करणे अगत्याचे आहे. एक मूल पुरेसे जेवत असते, पण मोठ्यांच्या अपेक्षेइतके जेवत नसते. दुसऱ्याच्या बाबतीत दोष मुलाचा नसून वाटीतल्या अन्नाचा असतो. तिसऱ्याने जेवणाचीच धास्ती घेतलेली असते. चौथ्याला खरोखरच जेवता येत नसते. या चारही मुलांची तक्रार घरात एकाच वाक्याने सांगितली जाते. उपाय मात्र चार निरनिराळे आहेत.

पहिल्या प्रकाराचा उलगडा साध्या अंकगणितात आहे. जन्माच्या वेळी सुमारे तीन किलो असलेले बालक पहिल्या वर्षाअखेर नऊ किलोंच्या आसपास पोहोचते. म्हणजे बारा महिन्यांत ते सुमारे ६ किलो वाढते. दुसऱ्या वर्षात हीच वाढ साधारणतः अडीच किलोंवर येते. निसर्गाने वाढीचा वेग आपण होऊन कमी केलेला असतो, आणि त्याबरोबर भूकही ओसरते. नेमक्या याच काळात मूल चालू लागते, त्याचे जग रुंदावते, आणि ताटासमोर बसण्यापेक्षा पायरी चढून पाहणे त्याला अधिक मोलाचे वाटते. दहाव्या महिन्यात वाटीभर खिमट संपवणारे मूल अठराव्या महिन्यात चार घासांनंतर मान फिरवते, तेव्हा ते बिघडलेले नसते. त्याचे वय वाढलेले असते.

यातही मूल आज किती जेवले यावर काही ठरत नाही. लहान मुलाची भूक दिवसागणिक बदलते. एके दिवशी जवळजवळ उपाशी राहणारे मूल दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करते, आणि आठवड्याचा हिशेब केला तर तो बहुधा जुळतो. म्हणून ताटात उरलेल्या अन्नावरून नव्हे, तर वजनाच्या तक्त्यावरून निर्णय करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते आज आपल्या अंगणवाड्यांतून आणि दवाखान्यांतून वापरले जातात. त्या तक्त्यावर मुलाचा बिंदू वरच्या रेषेजवळ आहे की खालच्या, याला फारसे महत्त्व नाही; लहान चणीच्या आईबापांचे मूल लहान चणीचे असणारच. महत्त्व आहे ते रेषेच्या दिशेला. रेषा आपल्या वाटेने वर जात असेल, मूल खेळत, हसत, दुडदुडत असेल, तर ते पुरेसे जेवत आहे, असे खुशाल समजावे. मग शेजारचे मूल कितीही गुबगुबीत असो.

आता वाटीतल्या अन्नाकडे वळू. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाला अन्नाची जोड द्यावी लागते. आपल्याकडील उष्टावणाचा संस्कार साधारण याच सुमारास होतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आईचे दूध चालू असताना सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला ३००, आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ५५० कॅलरी मिळाव्या लागतात, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. परंतु मुलाचे पोट लहान. एका वेळी त्यात वाटीभरच मावते. त्या वाटीत वरणाचे नुसते पाणी किंवा पातळ पेज असेल, तर पोट भरते आणि शरीर उपाशी राहते. अशा मुलाची आई 'वाटीभर खातो, तरी अंगी लागत नाही' असे म्हणते, तेव्हा ती खरेच सांगत असते.

या अडचणीवरचा तोडगा दक्षिणेच्या पठारावरील स्वयंपाकघरांना फार पूर्वीच सापडलेला आहे. महाराष्ट्रात जिला नाचणी म्हणतात, तिलाच कर्नाटकात रागी म्हणतात. बंगळूरच्या घरांतून लहान मुलाला जी 'रागी सरी' देतात आणि मराठी घरांतून जे 'नाचणीचे सत्त्व' देतात, ती सख्खी भावंडे होत. दोन्ही प्रदेशांत नाचणी रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून तिला मोड आणतात, वाळवून दळतात आणि वस्त्रगाळ करतात. मोड आणण्याचा हा खटाटोप केवळ रूढीचा नाही. कोणतेही पीठ शिजवले की त्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते आणि लापशी घट्ट होते. ती गिळण्याजोगी करायची तर पाणी वाढवावे लागते, आणि पाणी वाढले की वाटीतील सत्त्व उणे होते. धान्याला मोड आला म्हणजे त्यात अमायलेज नावाचे पाचकद्रव्य तयार होते. हे द्रव्य पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ घालूनही लापशी पातळ राहते. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाचा शास्त्रीय अभ्यास केला. मोड आणलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट लापशीत मिसळले असता ती पाहता पाहता सैल होते, असे त्यांनी दाखवून दिले. एवढेच ध्यानात ठेवावे की उकळत्या लापशीत हे पाचकद्रव्य नष्ट होते. म्हणून लापशी किंचित निवल्यावर ते पीठ घालावे, आणि ती सैल झाल्यावर स्वच्छतेसाठी पुन्हा एक उकळी आणावी.

नाचणीच्या दर शंभर ग्रॅमांत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि या बाबतीत तांदूळ किंवा गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. तथापि नाचणी म्हणजे पूर्णान्न नव्हे. तिच्या जोडीला डाळ हवी, चमचाभर तूप किंवा तेल हवे, भाजी व फळ हवे, आणि ज्या घरात चालते तेथे अंडे किंवा मासळी हवी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा व विविध आहार मिळत होता. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. रक्त कमी झाले की भूक मंदावते, आणि भूक मंदावली की रक्त आणखी कमी होते, असे हे चक्र आहे. सुखवस्तू घरांत या चक्राला बहुधा दुधामुळे गती मिळते. मूल जेवत नाही म्हणून त्याला बाटलीभर दूध देतात. दुधाने पोट भरल्यामुळे ते पुन्हा जेवत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतेच. म्हणून वर्षानंतर गाईम्हशीचे दूध दिवसाकाठी अर्ध्या लिटरपेक्षा अधिक देऊ नये, आणि तेही जेवणाच्या तोंडावर तर नकोच.

तिसरे मूल धास्ती घेतलेले. त्याची गोष्ट समजण्यासाठी एका जुन्या भांड्याचे उदाहरण उपयोगी पडेल. मराठी घरांतील बोंडले पुष्कळांनी पाहिले असेल. चोच असलेली ती लहानशी धातूची वाटी. कन्नड घरांत तिलाच 'ओळले' आणि तमिळ घरांत 'पालाडै' म्हणतात. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास साधू लागतो. तोपर्यंत, आणि त्यानंतरही ते स्तनपानाला सरावेपर्यंत, आज अनेक रुग्णालयांच्या नवजात कक्षांतून त्याला आईचे काढलेले दूध याच भांड्याने पाजतात. परिचारिका बालकाला अर्धवट बसते धरते, चोच खालच्या ओठाला टेकवते, थोडेसे दूध देते आणि थांबते. बालकाने गिळले की पुढचे थेंब. त्या थांबण्यात साऱ्या कौशल्याचे सार आहे.

तेच भांडे पूर्वी घरोघर निराळ्या रीतीने वापरले जाई, आणि आजही ती रीत पुरती गेलेली नाही. बाळाला पायांवर आडवे घ्यायचे, हात दाबून धरायचे, रडण्यासाठी तोंड उघडले की ओतायचे. श्वास आत घेण्याचा क्षण आणि ओतण्याचा क्षण एकच आला, तर पातळ पदार्थ घशातून श्वासनलिकेत जातो. अशा रीतीने पाजलेले एरंडेल किंवा तूप फुप्फुसांत गेल्यामुळे होणारा न्यूमोनिया दक्षिण भारतातील डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. भांडे तेच, प्रेमही तितकेच. फरक एवढाच की एका हाताने बाळाची वाट पाहिली, दुसऱ्याने पाहिली नाही.

बोंडले मागे पडले तरी बळजबरी गेली नाही. तिने रूप पालटले आहे. गाल दाबून चमचा आत सारणे, वाटी घेऊन मुलामागे गच्चीवर आणि जिन्यात तासभर फिरणे, किंवा हाती मोबाइल देऊन त्याचे भान हरपले की घास आत ढकलणे, हे त्याचेच प्रकार होत. मोबाइलपुढे मूल गिळते हे खरे. परंतु ते भूक लागली म्हणून खात नाही आणि पोट भरले म्हणून थांबत नाही. शरीराने भूक आणि तृप्ती यांच्या ज्या खुणा जन्मतः दिलेल्या असतात, त्या वाचण्याचे त्याला विसरायला लावले जाते. काऊ-चिऊच्या घासांत आणि मोबाइलपुढच्या घासांत अंतर आहे ते हेच. काऊ-चिऊच्या खेळात आई आणि मूल एकमेकांकडे पाहत असतात, आणि मुलाने मान हलवली तर खेळ थांबतो.

मुलावर विश्वास टाकल्यास काय होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९२६ पासून अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी केला. नुकतीच अंगावरून सुटलेली १५ बालके त्यांनी निवडली आणि त्यांच्यापुढे धान्ये, फळे, भाज्या, दूध, अंडी, मांस अशी साध्या अन्नाची पात्रे मांडली. परिचारिकेने चमचा हाती धरून स्वस्थ बसायचे. मुलाने एखाद्या पात्राकडे हात केला तरच घास द्यायचा. आग्रह करायचा नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. मुलांच्या निवडी चमत्कारिक होत्या, तरी सर्व मुले सुदृढ वाढली. या प्रयोगाचा अर्थ पुष्कळांनी 'मुलाला हवे ते द्या' असा लावला. डेव्हिसबाईंनी स्वतः १९३९ साली लिहिताना त्यातले मर्म स्पष्ट केले आहे: मुलांना निवडीची मोकळीक होती, परंतु समोर ठेवलेल्या पदार्थांत निकस असे काहीच नव्हते. बिस्किटे आणि खारे-गोड पुडे मांडून निवड करू दिली असती, तर फळ निराळे आले असते.

पुढे अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याच विचाराला कामाच्या वाटणीचे रूप दिले. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसायचे, हे आईबापांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. वाटणी साधी दिसते, परंतु पाळण्यास कठीण आहे. आपल्या घरांत बहुधा उलटे चालते. काय खायचे हे मूल रडून ठरवते, आणि किती खायचे हे मोठी माणसे रागावून ठरवतात.

ही वाटणी व्यवहारात आणायची म्हणजे काय करायचे? दिवसात तीन जेवणे आणि दोन मधली खाणी यांच्या वेळा बांधून घ्याव्यात, आणि मधल्या वेळेत पाण्याखेरीज काही देऊ नये. मुलाला घरातल्या माणसांच्या पंगतीत, मांडी ठोकून किंवा खुर्चीवर, पण एकाच जागी बसवावे. ताटात थोडे वाढावे; हवे असल्यास ते पुन्हा मागते. घरातल्या जेवणातलाच मऊ भात, वरण, इडली, उकडलेली भाजी असे पदार्थ त्याच्या हाताशी ठेवावेत, आणि ते सांडले तर सांडू द्यावेत. हाताने अन्न चिवडणे हा त्या वयाचा अभ्यास आहे. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपवून ताट उचलावे; 'का नाही खाल्लेस' हा प्रश्न विचारू नये. नवा पदार्थ मुलाने थुंकला, तर तो त्याला आवडत नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. दीड-दोन वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाची भीती ही स्वाभाविक अवस्था असते, आणि एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, आग्रहाविना समोर आल्यावर मूल तो स्वीकारते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे असे घशात अडकणारे पदार्थ मात्र या वयात टाळावेत, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये.

सुरुवातीचे काही दिवस मूल पूर्वीपेक्षाही कमी खाईल, आणि तेच दिवस कसोटीचे असतात. अशा वेळी घरातील सर्वांचे एकमत असावे लागते. आईने ताट उचलावे आणि आजीने पाठीमागून बिस्किट द्यावे, असे झाले तर नियम मोडतो आणि दोघींत दुरावा येतो तो निराळाच. आजीशी आधी बोलून घ्यावे. नाचणीला मोड आणण्याची तिची विद्या आणि तिचा वेळ या दोन्ही गोष्टी घराला हव्याच असतात. वडिलांनीही दिवसातले एक जेवण आपल्याकडे घ्यावे. तीनही जेवणांची जबाबदारी एकाच बाईवर असली, तर प्रत्येक नाकारलेला घास तिला स्वतःचा नकार वाटू लागतो, आणि तिची घालमेल मुलाला चमच्याआधीच कळते.

उरते चौथे मूल. याच्या बाबतीत वर सांगितलेला धीर उपयोगाचा नाही. तेथे तातडी हवी. दूध पिताना ज्याला घाम फुटतो व धाप लागते, त्याच्या हृदयात दोष असू शकतो. घासागणिक खोकला येत असेल, ठसका लागून ओठ निळे पडत असतील किंवा वरचेवर न्यूमोनिया होत असेल, तर अन्न श्वासमार्गात जात असण्याचा संभव असतो. टाळू दुभंगलेली असणे, स्नायू फार सैल किंवा फार ताठ असणे, प्रत्येक जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, दहा महिने उलटले तरी पातळाखेरीज काहीच न गिळणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी होणे, वजनाची रेषा आडवी पडणे किंवा खाली वळणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. काही मुले मोजक्याच चार-पाच पदार्थांवर राहतात आणि त्यांतलाही एकेक सोडत जातात. पोत, वास किंवा रंग त्यांना असह्य होतो. असे मूल हाकेला प्रतिसादही कमी देत असेल, तर त्याच्या एकूण विकासाचीच तपासणी करून घ्यावी. ते हट्टी नाही. त्याच्या इंद्रियांना जग अधिक तीव्रतेने जाणवत असते.

बंगळूरमधील पालकांना या बाबतीत मदत दूर शोधावी लागत नाही. १९३५ सालापासून चालू असलेले वाणी विलास रुग्णालय, इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि विकासाच्या अडचणींसाठी निम्हान्सचा बालमानसशास्त्र विभाग याच शहरात आहेत. मैसूरला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. वाणीचे उपचार करणारे तज्ज्ञच गिळण्याच्या अडचणींवरही उपचार करतात, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बोलणे आणि गिळणे ही एकाच ओठांची, जिभेची आणि घशाची कामे आहेत. अशा मुलाला किती जाड अन्न द्यावे, मान कशी धरावी, चमचा कोणत्या बाजूने आत न्यावा, हे शिकवता येते. काहींना काही काळ नळीने अन्न द्यावे लागते. नळी म्हणजे आईबापांचा पराभव, असे समजण्याचे कारण नाही. मुलाचे पोषण चालू ठेवून त्याला शिकण्यासाठी मिळवून दिलेला तो अवधी असतो.

एवढे पाहिल्यावर हे लक्षात येईल की चारही मुलांच्या बाबतीत आरंभ एकाच गोष्टीपासून होतो, आणि ती म्हणजे मुलाकडे नीट पाहणे. मान का फिरवली, तोंड का मिटले, ठसका केव्हा लागला, वजनाची रेषा कोठे चालली आहे, हे ज्या घरात पाहिले जाते, तेथे दोषी कोण हा प्रश्न मागे पडतो. अन्न चांगले, पुरेसे आणि वेळेवर समोर ठेवणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर होता कामा नये. परंतु घास तोंडात घेणे, चावणे आणि पोट भरले म्हणून थांबणे, ही मुलाची स्वतःची कामे आहेत. ती त्याच्याकडे राहू दिली, आणि जेथे त्याला ती जमत नाहीत तेथे जाणत्याची मदत वेळेवर घेतली, म्हणजे आज तोंड मिटून बसणारे मूल उद्या आपल्या हाताने वरणभात कालवू लागेल. त्या दिवशी कोणी 'ऊट आय्ता?' असे विचारले, तर त्याचे उत्तर ते स्वतःच देईल.